गर्भनिरोधक साधनाची निवड

मूल कधी हवे, किती हवीत, दोन मुलांत अंतर किती असावे हे पाहून गर्भधारणा टाळण्याचे साधन ठरवणे. महाराष्ट्रात हा विषय चारचौघांत आणला तो र. धों. कर्वे यांनी, १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. सरकारी कार्यक्रम १९५२ पासूनचा.

आरोग्य केंद्रात पहिला प्रश्न असतो, पाळणा लांबवायचा की थांबवायचा? लांबवायचा तर निरोध, गोळ्या, गर्भाशयात बसवायची तांबी किंवा इंजेक्शन. थांबवायचा तर ऑपरेशन. ही विभागणी सोयीची आहे, पण पुरी खरी नाही. ‘तांबी ३८० ए’ दहा वर्षे चालते, म्हणजे चाळिशीला टेकलेल्या बाईचे ऑपरेशन तिने सहज टळते.

सर्वांत चांगले साधन कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. माला-एन या रोजच्या गोळीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईने, तसेच रक्तदाब असलेल्या किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या बाईने ती टाळावी. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनमुळेही तिचा परिणाम घटतो. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘छाया’ या गोळीत संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवारी आणि बुधवारी, आणि पुढे फक्त रविवारी. रोजची गोळी विसरणारीला हे बरे. मात्र वार चुकवून चालत नाही.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. त्याने पाळी अनियमित होते, पुढे बंदही पडते, आणि ‘रक्त आत साठतंय’ या भीतीने बायका ते सोडतात. वास्तविक गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते, साठायला काही नसते. हे इंजेक्शन देण्याआधीच सांगायला हवे. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. लवकरच मूल हवे असणारीने दुसरे काही पाहावे. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून बचाव मात्र फक्त निरोधच करतो.

प्रत्यक्षात निवड फार एकतर्फी होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती. नवऱ्याने करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची बिनटाका नसबंदी काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी. फक्त तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसेपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते. बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागते, असा समज सर्रास आहे. सरकारी नियमांप्रमाणे ती लागत नाही.