शिट्टीत गेलेला गॅस

आपल्या स्वयंपाकघरात वेळ मिनिटांत मोजत नाहीत, शिट्ट्यांत मोजतात. तूरडाळ तीन, बटाटे दोन, छोले सहा. परगावी शिकायला गेलेल्या भाचीला फोनवरून जी पाककृती सांगितली जाते, तीही याच मापात. गंमत अशी की शिट्टीचा आणि शिजण्याचा संबंध फार थोडा. दाब भरून झाला, आता खालून येणारी जास्तीची उष्णता बाहेर सोडतोय, एवढंच कुकर शिट्टी वाजवून सांगत असतो. आपण ते ऐकतो, एक आकडा मोजतो आणि आच तशीच ठेवतो.

कुकर जरा बाजूला ठेवू आणि साधं पातेलं घेऊ. लीटरभर पाण्याचं आधण ठेवलं, तर ते २५ अंशांवरून १०० अंशांवर यायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. तिथून पुढे बर्नर कितीही मोठा करा, पाणी १०० च्या वर चढत नाही. जास्तीची उष्णता वाफेत जाते, आणि वाफ हे फार खर्चिक प्रकरण आहे. तेच लीटरभर पाणी पूर्ण आटवायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे उकळी आणण्याच्या सातपट.

हाच हिशेब गॅसमध्ये करू. एक किलो एलपीजी जळला की साधारण ४६ मेगाज्यूल, म्हणजे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. भारतीय मानकानुसार घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. घरात ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊन कडा चाटत असते, त्यामुळे कार्यक्षमता त्याहून खाली येते. ६५ टक्के धरली, तरी लीटरभर पाण्याला उकळी आणायला दहा-अकरा ग्रॅम गॅस पुरतो. ते आटवायला आणखी ७५ ग्रॅम लागतात. रटरट उकळणारी आमटी आणि मधूनच एखादा बुडबुडा फोडणारी आमटी, दोन्हींचं तापमान जवळपास एकच असतं आणि दोन्ही सारख्याच वेळात शिजतात. अन्नाला तापमान लागतं आणि वेळ लागतो. जाळ लागतो तो निसटलेली उष्णता भरून काढायला.

चुलीवर रांधणाऱ्या बायकांना हे गणित न मांडता कळलेलं होतं. चुलीच्या कडेला जोडलेला वैल आठवतो का? त्याच्याखाली वेगळं लाकूड लागत नसे. चुलीतला जाळ आतल्या भोकातून तिकडे वळे. पुढे भाकऱ्या चालू असताना उकळी आलेली आमटी वैलावर सरकवून ठेवायची, ती तिथे निवांत शिजायची. (चुलीच्या चवीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिचा धूरही आठवावा. त्या धुरानं आपल्या आज्यांच्या डोळ्यांचं आणि छातीचं जे केलं, त्यापुढे गॅस हे वरदानच आहे.)

भाजीवर ताटली झाकून तिच्यात पाणी ठेवण्याची रीत तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात घालावी अशी. ताटलीच्या गार बुडाला वाफ लागते, तिचे थेंब होतात आणि भाजीत परत पडतात. थेंब होताना वाफेनं सोडलेली उष्णता ताटलीतलं पाणी घेतं. भाजी कोरडी वाटली की तेच ऊन पाणी आत ओतायचं. भाजी करपत नाही आणि उष्णताही घरातच राहते.

आता कुकर. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. वीस अंश म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दर दहा अंशांना दुप्पट होतो, म्हणजे इथे चौपट. महाबळेश्वरात नेमकं उलटं होतं: साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यातली डाळ अडून बसते.

म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस इतका बारीक करायचा, की दुसरी होऊच नये. शिट्टीच्या बेतात आलेला कुकर १२० अंशांच्या जवळपासच असतो. तूरडाळीला बारा-पंधरा मिनिटं पुरतात. गॅस बंद केल्यावर कुकर नळाखाली धरायची घाई करू नये. दाब उतरेपर्यंत डाळ आत शिजतच असते, तीही फुकट.

डाळ शिजते म्हणजे काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. तो विरघळला की दाणा फुटतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम या डिंकाला घट्ट धरून ठेवतं, म्हणून त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. आंबट पदार्थानंही पेक्टिन विरघळायला वेळ लागतो. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं, हा आजीचा दंडक इथून येतो. आणि कडधान्य रात्रभर भिजवलं की पाणी आधीच गाभ्यापर्यंत पोचलेलं असतं, तेवढी आच वाचते.

तांदळाचं काम त्याहून सोपं. त्यातला स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंशांना फुगून मऊ होतो. भाताला उकळी आली, पाच-सात मिनिटं झाली, की जाड बुडाचं पातेलं घट्ट झाकणासकट जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवलं तरी भात अर्ध्या तासात होतो. राजमा मात्र असा करू नये. त्यात एक विषारी प्रथिन असतं, ते नुसत्या गरम पाण्यात नष्ट होत नाही. त्याला चांगली उकळी किंवा कुकरच हवा. गुंडाळलेलं अन्न तासन्‌तास तसंच ठेवायचं नाही, हेही ओघानं आलंच: ६० अंशांखाली जंतूंची चंगळ असते.

हे सगळं कशासाठी? १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो. ‘मग इंडक्शन घ्या’ म्हणणं सोपं आहे. शेगडीपुरतं पाहिलं तर ते गॅसपेक्षा काटकसरी आहेच. पण आपली वीज अजून मुख्यतः दगडी कोळशातून येते. छतावर सौर पॅनेल असेल, तर दुपारचा स्वयंपाक इंडक्शनवर जरूर करावा.

माणसं एकत्र आली की हिशेब आणखी सुधारतो. पातेलं मोठं होतं तसा त्यातल्या अन्नाच्या मानानं बाहेरचा पृष्ठभाग कमी पडतो आणि उष्णता कमी निसटते. गणपतीच्या महाप्रसादाचा एक मोठा टोप वीस घरांच्या वीस कुकरांपेक्षा माणशी कमी इंधन खातो. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ पासून ७३ अंतर्वक्र आरशांच्या तबकड्या सूर्याची उष्णता एकवटून पाण्याची वाफ करतात, आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचं जेवण शिजतं. तिथे सूर्यामागे फिरणाऱ्या तबकड्या बघायला हव्यात. दर्शनाच्या गर्दीत वर कुणी पाहत नाही.

घरापुरतं पाहायचं, तर पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेचं काम आठवतं. ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवून देतात. या संस्थेनं त्याचा कोळसा करायचं तंत्र बसवलं आणि त्यासाठी त्यांना २००२ मध्ये शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशाच्या वड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकर म्हणजे एका डब्यात एकावर एक भांडी, तळाशी पेलाभर पाणी आणि खाली शंभर-दीडशे ग्रॅम कोळसा. हवा खेळती असलेल्या जागी, गॅलरीत किंवा अंगणात तो ठेवायचा. चार-पाच माणसांचा वरण-भात तासाभरात वाफेवर शिजतो. दाब नाही, त्यामुळे शिट्टीही नाही. घड्याळ बघावं लागतं.