प्रायव्हेट विंडोत आपण खरंच अदृश्य होतो?

‘इनकॉग्निटोमध्ये (म्हणजे ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत) उघडा, म्हणजे काय पाहिलं ते कुणालाच कळत नाही आणि बंदी घातलेल्या साइटही चालतात,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतो आहे. नावावरून तसं वाटणं साहजिकच आहे.

प्रत्यक्षात ही विंडो फक्त तुमच्या फोनपुरती विसराळू असते. ती बंद केली की हिस्ट्री आणि कुकीज पुसल्या जातात. डाउनलोड केलेल्या फाइल मात्र तशाच राहतात.

बंदी असते फोनबाहेर, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत. साइटचं नाव टाकलं की आधी डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीकडे, तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) विचारला जातो. हा प्रश्न अनेकदा उघडाच जातो, आणि तिथेच चुकीचं उत्तर देऊन साइट अडवता येते. पुढे एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध, जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुधा पुन्हा उघडं पडतं. (आतलं पान आणि मजकूर दिसत नाही, हे खरं.) त्यामुळे डीएनएसचा प्रश्न झाकून पाठवणारी ‘प्रायव्हेट डीएनएस’ सोय सुरू करूनही काही साइट उघडत नाहीत, तिथे अडवणूक नावावर किंवा आयपीवर असते.

पडताळून पाहा: आयपी पत्ता दाखवणारी एकच साइट साध्या आणि प्रायव्हेट, दोन्ही विंडोंत उघडा. नेटवर्क तेच असेल, तर साधारणपणे आकडाही तोच दिसेल.

व्हीपीएनने, म्हणजे तुमची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेने, हा आकडा बदलतो खरा, पण मग तुमची ये-जा व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसते. फुकटचा असेल तर जरा जपूनच. आणि स्वतःच्या खात्यात लॉगिन करून राजकीय पोस्ट टाकली, तर विंडो कोणतीही असो, ती तुमच्याच खात्यावर नोंदली जाते.