निरोप नसलेल्या लहरींचा माग

वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ढगांचा वेध घेणारे रडार आहे. त्याच्या लहरींत कोणाचाही निरोप नसतो. तरीही त्या पकडून त्यांची वारंवारिता, स्पंदांची लांबी आणि दोन स्पंदांमधला काळ मोजला, तर रडार कोणत्या कामाचे आहे याचा अंदाज बांधता येतो. शत्रूच्या रडारविषयी हीच माहिती गोळा करण्याच्या विद्येला ‘एलिंट’ म्हणतात. रडारची लहर लक्ष्यावर आपटून परत यावी लागते, म्हणून ती अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होते. टेहळणी करणाऱ्या विमानापर्यंत मात्र ती एकेरीच जाते आणि केवळ वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते. त्यामुळे रडारला विमान दिसण्याआधीच विमानाला रडारची चाहूल लागू शकते.

या विद्येची सुरुवात अपयशाने झाली. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनीने ‘ग्राफ झेपेलिन’ हे हवाई जहाज ब्रिटिश किनाऱ्यालगत पाठवले, पण तिथली ‘चेन होम’ रडार साखळी जर्मनांना ओळखता आली नाही आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनवरील हवाई लढाईत त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. उलट, आर. व्ही. जोन्स या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या आग्रहामुळे जून १९४० मध्ये उडालेल्या विमानाला जर्मन बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवणारा रेडिओ झोत ३१.५ मेगाहर्ट्झवर सापडला. माझ्या मते एलिंटचा खरा पाया इथे घातला गेला, कारण झोत सापडल्यामुळेच त्यात व्यत्यय आणण्याचा मार्ग मोकळा झाला.

मार्च १९४३ मध्ये अमेरिकेच्या खास सज्ज केलेल्या बी-२४ विमानाने अलास्काजवळच्या किस्का बेटावरील जपानी रडारचा माग काढला. जून १९६० मध्ये ‘ग्रॅब’ उपग्रहाने सोव्हिएत रडारचे स्पंद अवकाशातून टिपायला सुरुवात केली; जगाला मात्र तो सूर्याच्या प्रारणांचा अभ्यास करतो एवढेच सांगितले गेले आणि खरे काम १९९८ पर्यंत गुप्त राहिले.

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्या काळात भारताने हवाई टेहळणीसाठी ‘एव्हिएशन रिसर्च सेंटर’ उभारले. साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ पासून आहे, आणि घरटी सैनिक देणारी गावे या जिल्ह्याला नवी नाहीत. म्हणूनच सीमेवरच्या पराक्रमाइतकीच या अदृश्य कामाचीही ओळख इथे व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. १ एप्रिल २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून ४३६ किलो वजनाचा ‘एमिसॅट’ उपग्रह झेपावला. त्याचे काम विद्युतचुंबकीय वर्णपटाचे मापन करण्याचे आहे, एवढेच इस्रोने जाहीर केले.