जुनेर, टेरिकॉट आणि ठाण्यातली हुडी

राम मारुती रोडवरच्या एका दुकानात भाचीसाठी हुडी बघत होते. ढगळ, खांदे उतरलेली, राखाडी. बाही उजेडाकडे धरली तर राखाडीत बारीक निळे-तांबडे ठिपके दिसले. मानेजवळच्या पट्टीवर लिहिलेलं: पुनर्वापराचा कापूस ६० टक्के, पुनर्वापराचं पॉलिएस्टर ४० टक्के. ते ठिपके म्हणजे कुणाच्या तरी जुन्या जीन्सचे, शर्टाचे तंतू. भाचीला हे सगळं नवलाचं वाटतं. ठाणे जिल्ह्याला यातलं बरंचसं जुनं आहे.

जुनेर टाकून द्यायचं नसतं, हे आमच्या घरांत कुणाला शिकवावं लागलं नाही. नऊवारीची गोधडी व्हायची, धोतराची दुपटी, उरल्याचं फडकं, फडक्याचं पायपुसणं. घरात जिरणार नाही ते बोहारणीला. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत ती दुपारची यायची. आजी दोन पँटी आणि एक साडी पुढे टाकायची. बोहारीण ती साडी उजेडात धरून कुठे विरलीय ते बघायची, आणि अर्धा तास घासाघीस झाल्यावर स्टीलचं पातेलं आजीच्या हातात पडायचं. कापडाची पारख असलेल्या या बायकांना पुनर्वापराच्या इतिहासात पहिलं पान मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कापडाची जातही इथेच बदलली. ठाण्यात १९२५ पासून रेमंडची लोकरीची गिरणी होती. १९६५ मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीत पॉलिएस्टरचे तंतू तयार होऊ लागले. देशातलं हे पहिलंच उत्पादन. कापसात ते मिसळून टेरिकॉट आलं. चटकन वाळणारं, इस्त्री धरणारं, वर्षानुवर्षं न विटणारं. लोकांना ते आवडलं यात नवल नाही. पण टेरिकॉटचं फडकं पाणी टिपत नाही, आणि एकत्र कातलेले हे दोन तंतू पुन्हा वेगळे करणं फार कठीण असतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि विणकामाचा मोठा भार भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेला. उल्हासनगरात जीन्स शिवली जायची; ती धुणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी वालधुनी नदीने सोसलं. कारखान्यांतून कातरण आणि चिंध्यांची पोती निघत राहिली.

चिंध्यांचं सूत काढायची युक्ती इंग्लंडमधल्या बॅटलीची. तिथे बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांतून पुन्हा धागा काढला. आपल्याकडे हे काम पानिपतला चालतं. बटणं-चेन काढायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायचे, मग यंत्रात पिंजायचं. रंग आधीच असल्याने पुन्हा रंगवण्याचं पाणी वाचतं. मात्र पिंजताना तंतू तोकडे होतात, म्हणून जोडीला पॉलिएस्टर लागतं. हल्ली ते बऱ्याचदा पाण्याच्या बाटल्या वितळवून काढलेलं असतं. पॅटागोनिया कंपनीने १९९३ मध्ये अशा धाग्याचे गरम कपडे विकायला काढले; २०१५ च्या विश्वचषकात भारतीय संघाची जर्सीही बाटल्यांच्याच धाग्याची होती.

तोकड्या तंतूंचं सूत जाडसर होतं. त्याची मलमल होत नाही, हुडी मात्र छान होते. कॅलिफोर्नियाच्या सर्फिंगवाल्यांकडून आणि न्यूयॉर्कच्या हिपहॉपमधून निघालेली ही ढगळ, जाड कपड्यांची फॅशन या धाग्याला म्हणूनच मानवली. गोधडीतलं जुनेर आत दडलेलं असायचं, इथे पोरं ते मिरवतात, आणि त्याचा मला आनंद आहे.

बोहारीण आता आमच्या गल्लीत क्वचितच दिसते. अलीकडे नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला वापरलेल्या कापडासाठी केंद्र सुरू केलं आहे. कपडा हातात आला की तिथेही पहिला प्रश्न तोच पडणार: सुती आहे की टेरिकॉट?