पिवळी गोळी आणि लाल गोळी: दिवस राहिल्यावर आधी कोणती?

दिवस राहिल्याचं कळलं की घरातून पहिली विचारणा होते, "रक्तवाढीची गोळी सुरू केलीस का?" सूनबाई रोज एक चिमुकली पिवळी गोळी घेत असते, तिलाच सगळे रक्तवाढीची समजतात. खरं तर ती बहुधा नुसत्या फोलिक ॲसिडची असते. लोहाची गोळी वेगळी.

फोलिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबाने हा सहावा आठवडा. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले. बऱ्याच जणींनी तोवर घरी तपासणीसुद्धा केलेली नसते. नळी नीट मिटली नाही तर मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात जन्मजात दोष राहू शकतो. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा मूल हवं असं ठरलं की लगेच सुरू करावी आणि पहिले तीन महिने चुकवू नये. लग्नानंतर वर्षभर 'गोड बातमी कधी?' विचारणाऱ्यांनी खरं तर या गोळीची आठवण करून द्यावी! औषधाच्या दुकानात मात्र सर्रास ५ मिलिग्रॅमची मिळते. आधीच्या बाळात असा दोष होता, आईला मधुमेह आहे किंवा फिटची काही औषधं चालू आहेत, अशा वेळी डॉक्टर ती मोठी मात्रा देतात. ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

लोहाला एवढी घाई नसते. आईचं रक्त वाढू लागतं, बाळाची गरजही वाढत जाते, तशी चौथ्या महिन्यापासून गोळी सुरू होते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर आधीही देतात; नाहीतर मळमळीच्या दिवसांत ती पोटात ठरत नाही. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. ती निदान १८० दिवस घ्यायची. "लालमध्ये दोन्ही आहे, मग पिवळी कशाला?" हा प्रश्न इथूनच येतो. पण लाल गोळी हातात येईपर्यंत नळी कधीच मिटलेली असते.

लाल गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी फारसं लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवावी. शौचाला काळं होतं म्हणून कित्येक जणी घाबरून ती बंद करतात. तो लोहाचाच रंग असतो. बद्धकोष्ठ फारच झालं तर गोळी बदलून मागावी. नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारावं. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, तिथे तर नक्कीच.