स्वस्त चहा, संतप्त वसाहती: अमेरिकन क्रांतीमागची गाऱ्हाणी

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या करण्यात आल्या. शाळेपासून आपल्या मनात ठसलेले चित्र असे की, इंग्रजांनी चहावर जबर कर लादला आणि लोक भडकले. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता, अगदी चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाला टक्कर देण्याइतका. मग स्वस्त होणारा माल लोकांनी पाण्यात का फेकला? त्याचे उत्तर दहा वर्षे मागे सापडते.

१७६३ मध्ये सात वर्षांचे युद्ध संपले आणि फ्रान्सची उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून हकालपट्टी झाली. या विजयापायी ब्रिटनचे कर्ज १३ कोटी पौंडांच्या घरात गेले. शिवाय सुमारे १० हजार सैनिक अमेरिकेत कायम ठेवायचे ठरले, आणि त्या खर्चाचा वाटा वसाहतींनी उचलावा, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचे म्हणणे पडले. लंडनमध्ये बसून पाहिले तर हे रास्तच होते, कारण इंग्लंडातला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाने जाहीरनामा काढून अ‍ॅपलाचियन डोंगररांगेपलीकडे वस्ती करायला मनाई केली. पश्चिमेकडच्या जमिनींवर डोळा असलेले व्हर्जिनियाचे जमीनदार दुखावले. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांच्यापैकीच एक. फ्रेंच गेले, पलीकडे जायची बंदी आली, मग ही फौज नेमकी कोणासाठी, असे लोक विचारू लागले.

या वसाहती दीड शतक बऱ्याच अंशी स्वतःचा कारभार स्वतः पाहत आल्या होत्या, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा संताप कळत नाही. तेरा वसाहतींत प्रत्येकीची निवडून आलेली सभा होती. कर तीच बसवी आणि बहुतेक ठिकाणी गव्हर्नरचा पगारही तीच मंजूर करी. गव्हर्नर राजाचा माणूस असला तरी पैशाच्या नाड्या लोकांच्या हाती होत्या. या व्यवस्थेला पहिला धक्का १७६४ च्या साखर कायद्याने दिला. मळीवरची जकात गॅलनला ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली होती, म्हणजे दर निम्मा झाला. मात्र आता ती खरोखर वसूल होणार होती, आणि तस्करीचे खटले ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयांत चालणार होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ज्यूरीसमोर न्याय मागण्याचा हक्क इंग्रज माणूस जन्मसिद्ध मानत असे.

१७६५ चा मुद्रांक कायदा त्याहून घातक ठरला. वर्तमानपत्रे, परवाने, करारपत्रे, न्यायालयाचे कागद, पत्त्यांचे जोड, सगळ्यांवर मुद्रांक लागणार होता. ग्रेनव्हिल यांनी नेमके वकील आणि छापखानेवाले डिवचले, म्हणजे ज्यांच्या हाती वाणी आणि लेखणी होती तेच लोक. ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या जमावाने मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला आणि बारा दिवसांनी उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर उद्ध्वस्त केले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. आमचा प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नाही, तेव्हा आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार तिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांनाही प्रतिनिधी नाही, तरी पार्लमेंट साऱ्या प्रजेचीच आहे, असे लंडनचे उत्तर होते. या उत्तराने मँचेस्टरचाच अन्याय उघड झाला, इतकेच.

मार्च १७६६ मध्ये मुद्रांक कायदा रद्द झाला आणि वसाहतींत आनंदीआनंद झाला. पण त्याच दिवशी आणखी एक कायदा संमत झाला होता: वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा पूर्ण अधिकार पार्लमेंटला आहे. पुढचा सगळा संघर्ष या एका वाक्यात होता, असे मला वाटते.

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. रक्कम फार नव्हती, पण तिच्यातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. म्हणजे वसाहतींच्या सभांच्या हातातल्या नाड्या काढून घ्यायच्या होत्या. खरा घाव इथे बसला. इंग्रजी मालावर बहिष्कार पडला आणि बायकांनी घरोघरी सूत काततच त्यात भाग घेतला. बॉस्टनमध्ये पलटणी उतरल्या. ५ मार्च १७७० रोजी गोळीबारात पाच जण मेले. पुढे स्वातंत्र्याचे पुढारी झालेल्या जॉन अ‍ॅडम्स यांनी त्या सैनिकांचे वकीलपत्र घेतले, ही गोष्ट विसरू नये. पुढे बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची दर पौंड वजनाला ३ पेन्सची तेवढी ठेवली. हक्काची खूण म्हणून.

१७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांचे पगार राजाकडून मिळणार अशी बातमी आली, तेव्हा सॅम्युएल अ‍ॅडम्स यांच्या पुढाकाराने बॉस्टनने गावोगावी पत्रव्यवहार करणारी समिती नेमली. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली होती. बंगालमध्ये दुष्काळाने हाहाकार माजला होता आणि लंडनच्या वखारींत चिनी चहाचे ढीग पडून होते. कंपनीला वाचवण्यासाठी १७७३ मध्ये पार्लमेंटने जी पावले उचलली, त्यांतला चहा कायदा बॉस्टनला पोहोचला आणि रेग्युलेटिंग कायदा आपल्याकडे. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी केलेला १७७५ चा सुरतेचा तह कलकत्त्याने नाकारला, तो मुंबईवर कलकत्त्याची हुकमत बसवणाऱ्या याच दुसऱ्या कायद्याच्या बळावर.

चहा कायद्याने कंपनीला आपल्या निवडक अडत्यांमार्फत माल थेट वसाहतींत विकता येणार होता. बॉस्टनच्या अडत्यांत, आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सन यांचे मुलगेही होते. स्वस्त चहा प्यायला की जकात आपसूक मान्य, हा डाव लोकांनी ओळखला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून चहाची जहाजे परत गेली. बॉस्टनमध्ये हचिन्सन यांनी ती परत जाऊ दिली नाहीत, आणि चहा समुद्रात गेला.

लंडनने उगारलेला आसूड मोठा होता. जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद. त्याहून गंभीर म्हणजे मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली: वरिष्ठ मंडळ राजनियुक्त झाले आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावाला वर्षातून एकापेक्षा जास्त सभा घेता येईना. चहाशी देणेघेणे नसलेले आतल्या भागातले शेतकरी आता उठले. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वूस्टर गावात साडेचार हजारांवर माणसे गोळा झाली. त्यांनी न्यायालय उघडू दिले नाही. न्यायाधीशांना दुतर्फा उभ्या गर्दीतून, हॅट हातात घेऊन, माघारीचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत चालावे लागले. एकही गोळी सुटली नाही, पण त्या परगण्यातली राजसत्ता संपली. युद्धाला तोंड फोडणाऱ्या लेक्सिंग्टनच्या चकमकीला अजून सात महिने होते.

त्याच महिन्यात बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची परिषद, म्हणजे काँग्रेस, फिलाडेल्फियात भरली. १९ एप्रिल १७७५ ला लढाई पेटली, तरीही जुलैत राजाकडे समेटाचा अर्ज गेला. तिसऱ्या जॉर्जने तो हाती घेण्याऐवजी ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवले. तोवर गाऱ्हाणी पार्लमेंटविरुद्ध होती; आता दाद मागायला राजाही उरला नाही. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले आरोप म्हणूनच राजाच्या नावे आहेत. कराचे गाऱ्हाणे त्यात बरेच खाली येते. आधी आहेत त्या नाकारलेल्या कायद्यांच्या, विसर्जित केलेल्या सभांच्या आणि पगारासाठी राजाच्या मर्जीवर ठेवलेल्या न्यायाधीशांच्या तक्रारी.

गुलामांच्या व्यापाराबद्दल जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या जेफरसन यांनी लिहिलेला परिच्छेद मात्र काँग्रेसने गाळला. बॉस्टनच्या गुलामांनी जानेवारी १७७३ मध्येच स्वातंत्र्यासाठी अर्ज केला होता, त्यातून काही निष्पन्न झाले नव्हते. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावात जॉन अ‍ॅशली यांच्या घरी माणसाच्या नैसर्गिक हक्कांचा ठराव तयार झाला. त्या घरात बेट नावाची गुलाम स्त्री राबत होती. १७८१ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्सच्या नव्या राज्यघटनेचा आधार घेऊन अ‍ॅशली यांच्यावर दावा लावला, तो जिंकला आणि एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले.