खर्ड्यावर हात फिरवणं आणि कादंबरी पुन्हा लिहिणं

पहिला खर्डा संपला की बहुतेक जण पहिल्या पानावर परत जातात आणि वाक्यं दुरुस्त करू लागतात. विशेषणं काढतात, ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, लांबलेली वाक्यं तोडतात. या मेहनतीलाच ते पुनर्लेखन समजतात. खरं तर हा शेवटचा हात असतो, आणि तो फार लवकर फिरवलेला असतो.

पुनर्लेखनात प्रश्न गोष्टीला विचारायचे. ही गोष्ट कोणी सांगायला हवी? ती कुठून सुरू व्हायला हवी? या माणसाला नेमकं काय हवंय आणि त्यापायी तो काय गमावतो? उत्तरं बदलली की अख्खी प्रकरणं गळतात, दोन पात्रांचं एकच पात्र होतं, कधी निवेदकच बदलतो. अमेरिकन लेखिका हार्पर ली यांनी १९५७ मध्ये प्रकाशकाकडे दिलेल्या हस्तलिखितात मोठी झालेली नायिका न्यूयॉर्कहून गावी येते. संपादक टे होहॉफ यांना त्यातल्या बालपणाच्या आठवणी भावल्या आणि कादंबरी त्या लहान मुलीच्या नजरेतून लिहावी, असं त्यांनी सुचवलं. त्यातून घडलेली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० मध्ये आली. मूळ हस्तलिखित २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने छापलं गेलं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. काळ बदलला, निवेदन बदललं, गोष्टीचा भार दुसरीकडे गेला. नुसती वाक्यं घासून हे कधीच झालं नसतं.

गोंधळ होतो तो एखादा प्रसंग वाचताना निर्जीव वाटतो तेव्हा. दोष भाषेचा की गोष्टीचा? माझ्या मते याची परीक्षा सोपी आहे. तो प्रसंग समोरच्याला दोन साध्या वाक्यांत तोंडी सांगा. ऐकणाऱ्याने ‘मग?’ विचारलं, तर प्रसंग धड आहे, लिहिण्यात कमी पडलंय. ‘बरं’ म्हणून तो गप्प झाला, तर त्या प्रसंगात कोणाचंच काही पणाला लागलेलं नाही, आणि तिथे कितीही सुंदर वाक्य लिहिलं तरी ते वाया जाणार. संवादांचंही तसंच. पात्रं कृत्रिम बोलतात अशी तक्रार आपण करतो, पण पुष्कळदा त्यांच्याकडे त्या क्षणी बोलण्याचं कारणच नसतं. वाचकाला माहिती पुरवायला लेखकाने त्यांना बोलायला लावलेलं असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. खर्डा काही आठवडे बाजूला ठेवा. मग हातात पेन न घेता सलग वाचा, आणि प्रत्येक प्रकरणात काय बदललं ते एका ओळीत लिहा. ज्याच्यासमोर ओळच लिहिता येत नाही, ते प्रकरण गेलं तरी चालेल का, हे तपासा. पुन्हा लिहायचं ठरलेलं प्रकरण कोऱ्या पानावर नव्याने लिहा. जुना मजकूर समोर असला की त्यातली देखणी वाक्यं वाचवण्याचा मोह होतो, आणि वाक्य वाचवण्यासाठी प्रसंग तगून राहतो. आधीच घासूनपुसून ठेवलेलं पान काढवत नाही, हेच घाईने हात फिरवण्याचं सर्वांत मोठं नुकसान.

हात फिरवण्याचं काम छोटं असलं तरी हलकं नाही. मोठ्याने वाचा, अडखळाल तिथे खूण करा. निवेदनात कुठे ‘केलं’ आणि कुठे ‘केले’ असं विनाकारण होत नाही ना, दोन पात्रं एका प्रकरणात अहो-जाहो आणि पुढच्यात एकदम अरे-तुरे करत नाहीत ना, हे बघा. मात्र तो बदल नात्यात काही घडल्यामुळे झाला असेल, तर ते घडणं पानावर दिसतंय का, हेही बघा. दिसत नसेल, तर तो प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.